दिवस चौथा, पिवळा थर

शस्त्रक्रिया पंचवीस मिनिटांत उरकली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही, कारण कमरेखालचा भाग डॉक्टरांच्या ताब्यात होता आणि वरचा भाग छत बघत पडला होता. छताला मोतिया रंगाचे दोन हात दिलेले होते आणि दुसऱ्या हाताला घाई केलेली होती. हे मला पडल्यापडल्या कळतं. मी एका रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शेड तपासनीस आहे. भिंतीवरचा रंग शेडकार्डावरच्या रंगाशी जुळतो की नाही हे सांगणं, आणि जुळत नसेल तर एका वेळी तयार झालेला अख्खा घाणा परत पाठवणं, एवढंच माझं काम. या कामामुळे मी कारखान्यात फारसा लोकप्रिय नाही, पण तो विषय वेगळा.

शस्त्रक्रिया कोणती, हे आज लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा मात्र फार अर्थ होता. रक्तातली साखर वाढल्यापासून दोन वर्षं माझी पुढची कातडी आक्रसत चालली होती. भेगा पडायच्या, लघवीला आग व्हायची, मलम लावलं की पंधरा दिवस बरं आणि सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सुंता करून टाकू." केस वाढलेत, कापून टाकू, अशा आवाजात म्हणाले. "कित्येकांची लहानपणीच होते, ते विसरूनही जातात. मोठ्या वयात भरून यायला जरा वेळ लागतो, एवढंच."

घरी आल्यावर मी बायकोला माझी एकमेव अट सांगितली. "हे आपल्या दोघांत राहिलं पाहिजे."

"डॉक्टर तिसरे," ती म्हणाली.

"डॉक्टर तिसरे. चौथ्याच्या कानावर जाता कामा नये."

"मग लोकांना काय सांगायचं? तीन आठवड्यांची रजा काय पाठीला खाज येते म्हणून घेणार आहात?"

मी विचार करून ठेवला होता. हर्निया. हर्निया हा घरंदाज आजार आहे. वजन उचलल्यामुळे होतो, म्हणजे माणूस कष्टाळू ठरतो; शिवाय जागा अशी की "दाखवा बघू" असं कुणी म्हणत नाही. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शेवटचं वजन कधी उचललंत, तेवढं आठवून ठेवा. कुणी विचारलं तर."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं गेलं. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. एकटेच. चाळीस वर्षं टपालखात्यात काढल्यामुळे त्यांना कोणतीही बातमी पोचल्याची पावती घेतल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी दहाच्या ठोक्याला ते वर्तमानपत्र घेऊन हजर झाले, मी पलंगापासून खुर्चीपर्यंत चालत होतो ते उभ्याने पाहिलं आणि मग बसले. माझं चालणं तेव्हा दोन भरलेल्या बादल्या नेणाऱ्या माणसासारखं होतं. बादल्या तेवढ्या नव्हत्या.

"हर्निया कुठल्या बाजूचा?" त्यांनी विचारलं.

"डाव्या," मी म्हणालो.

"उजव्या," स्वयंपाकघरातून बायको त्याच क्षणी म्हणाली.

"दोन्ही," मी म्हणालो. एवढं मोठं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, पण बोलल्यावर ते मला पटलं.

पोस्टमास्तरांनी मान डोलावली. मग त्यांनी हर्नियावर अर्धा तास सल्ला दिला. खोकू नका, शिंकू नका, शिंक आलीच तर पोटावर उशी धरा, हसायचं असेल तर तोंड मिटून हसा. मी सगळ्याला हो म्हणालो. ते उठून गेल्यावर मला खरोखर शिंक आली आणि मी पोटावर उशी धरली. माणूस किती लवकर स्वतःच्या थापेत राहायला जातो ते पाहून मी थक्क झालो.

खरा प्रसंग त्यानंतरचा. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मी कोमट पाण्याच्या टबात बसलो, पट्टी भिजून सुटली आणि मी खाली पाहिलं. डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं, 'थोडी सूज आणि रंगात बदल होणे स्वाभाविक आहे.' आता थोडी म्हणजे किती? माझ्या डोळ्यांसमोर जे होतं त्याच्याभोवती फुगलेल्या ट्यूबसारखं एक कडं तयार झालं होतं. आणि रंगात बदल म्हणजे कोणत्या रंगात? आमच्या खात्यात मी एखाद्या घाण्यावर 'रंगात बदल' एवढाच शेरा मारला तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. मी बायकोला हाक मारून शेडकार्ड मागवलं. टबात बसूनच मी पानं उलटली. अंजीर, चारशे अठरा. अगदी तंतोतंत.

"जुळलं का?" बायकोने दाराबाहेरून विचारलं.

"जुळलं."

"मग आता कार्ड पुसून द्या. त्याच कार्डावरून आपण पडद्यांचा रंग ठरवणार आहोत."

चौथ्या दिवशी पिवळं आलं. जखमेच्या रेषेवर ओलसर, पिवळट, चिकट असा पातळ थर. मी म्हटलं, झालं, पू धरला. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जेवता जेवता तीन प्रश्न विचारले. वास येतो का? ताप आहे का? लाली आजूबाजूला पसरत चालली आहे का? तिन्हींना नाही.

"मग तो पू नाही. भरणाऱ्या जखमेवर असा थर येतोच. तोंडात जखम झाली की पांढुरकं दिसतं ना, तसंच. खरवडू नका, कोमट पाणी सोडा, टिपून कोरडं करा. लघवी नीट होतेय ना?"

"होतेय."

"रक्त?"

"कपड्याला ठिपका लागतो."

"ठिपका चालेल. धार लागली आणि दाबून धरूनही थांबली नाही तर लगेच या. ताप आला, लघवी अडली तरी या. पिवळ्यासाठी येऊ नका."

मी कागदावर लिहून घेतलं. पिवळ्यासाठी जायचं नाही. शेड 'जुना कागद', एकशे सहा.

पाचव्या दिवशी मी गेलो. पण पिवळ्यासाठी नाही. सकाळी न्हाणीघरात पाहिलं तर अंजीर नाहीसं झालेलं, त्या जागी काळपट हिरवा. असा रंग आमच्या कार्डात कुठेच नाही, कारण असा रंग कुणी घराला देत नाही. कातडी मेली, असं माझ्या मनाने घेतलं. मी दोन वर्षं टाळाटाळ केली त्याची ही शिक्षा, आता किती कापतील कोण जाणे, असं सगळं एका मिनिटात डोक्यात येऊन गेलं. बायकोला मी फक्त "टॅक्सी" म्हणालो आणि माझा चेहरा बघून तिने एकही प्रश्न विचारला नाही. जिन्यात पोस्टमास्तर भेटले. मी त्यांच्या बाजूने दोन दोन पायऱ्या उतरत गेलो, हे मला नंतर आठवलं.

आमच्या घरापासून रुग्णालयापर्यंत सात गतिरोधक आहेत. त्या दिवसापर्यंत मला त्यांतल्या एकाचाही पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी मोठा पांढरा दिवा ओढून पाहिलं. "जांभळट आहे. पाचव्या दिवशी असतंच. उलट सूज उतरायला लागली आहे."

"हिरवं नाही?"

"कुठाय हिरवं?"

मी स्वतः वाकून पाहिलं. अंजीर, चारशे अठरा. कडेला थोडंसं वांगं, चारशे बावीस. हिरव्याचा मागमूस नव्हता. डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि हात धुवायला गेले.

परतीच्या वाटेवर, तिसऱ्या गतिरोधकाच्या आसपास, बायको हळूच म्हणाली, "अहो, न्हाणीघरातला दिवा काल संध्याकाळी गेला होता. मी तिथे माळ्यावरचा जुना पिवळा लावलाय."

चुकीच्या दिव्याखाली रंग बघू नये, हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहून आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावलेलं आहे. पिवळ्या दिव्याखाली जांभळा कसा मरतो हे मी दर वर्षी नव्या लोकांना पाऊण तास समजावून सांगतो. दुकानातल्या दिव्यात रंग पाहून आमच्या नावाने बोंब मारणाऱ्या किती गिऱ्हाइकांना मी तोंडावर अडाणी म्हटलं असेल, त्याची गणती नाही. आणि तोच मी, पायजम्याची नाडी नीट न बांधता, सात गतिरोधक ओलांडून आलो होतो. जखमेपेक्षा हे जास्त दुखलं.

त्या दुपारी मी ठरवलं की आता हे काम रीतसर करायचं. घाबरायचं नाही, अंदाज बांधायचा नाही, मोजायचं. माळ्यावर प्रयोगशाळेतून बाद झालेला एक तपासणीचा दिवा होता, भर दुपारच्या उजेडासारखा स्वच्छ प्रकाश देणारा. तो बायकोला काढायला लावला, कारण हर्नियावाल्याने वजन उचलायचं नसतं. मागे धरायला करड्या रंगाचा पुठ्ठा घेतला. आणि कपाटात कारखान्याच्या 'शेड निरीक्षण तक्त्या'चं एक पॅड पडलेलं होतं, त्यातला एक तक्ता फाडला आणि आधीच्या दिवसांच्या नोंदीही आठवून त्यात उतरवल्या. दिवस, वेळ, दिवा, शेड क्रमांक, शेरा, आणि तळाला तपासनीसाचं नाव, हुद्दा, सेवा क्रमांक आणि सही. छापील तक्ता समोर आला की मी सही केल्याशिवाय राहू शकत नाही, ती मी आधीच करून टाकली.

बायको दिवा धरून उभी होती. "अहो, एक विचारू? ते रंगवून काढायचा विचार आहे का तुमचा?"

"थोडा डावीकडे घे," मी म्हणालो.

सातव्या दिवशी कडेच्या जांभळ्याला शेवाळी झाक आली. दिवा बरोबर, पुठ्ठा बरोबर, म्हणजे ही झाक खरी होती. मी घाबरलो नाही. मुका मार उतरताना हिरवा-पिवळा होतोच, गुडघ्यावरचा होतो तसा. नोंद केली. दहाव्या दिवशी टबाच्या पाण्यात एक दोरा तरंगताना दिसला. एक टाका. मी उरलेले टाके मोजले आणि दोरा काडेपेटीत घालून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, टाके विरघळणारे आहेत, असे एकेक गळून पडतील, जखम उघडली नसेल तर दोरा जपून ठेवण्याची गरज नाही. चौदाव्या दिवशी जुन्या चुन्यासारखे पापुद्रे सुटायला लागले. मी ते ओढले नाहीत. आयुष्यभर मी भिंतीवरचे पापुद्रे नखाने ओढत आलोय, तेव्हा यामागचा निग्रह लक्षात घ्यावा. अठराव्या दिवशी खालची कातडी गुलाबी, चकचकीत आणि इतकी हुळहुळी झाली की मऊ पायजमासुद्धा पॉलिश पेपरसारखा लागायचा. डॉक्टर म्हणाले, जी कातडी इतकी वर्षं झाकलेली होती ती आता उघडी आहे, तिला सवय व्हायला काही आठवडे लागतील, सैल कपडे घाला आणि दीड महिना बायकोला त्रास देऊ नका. शेवटचं वाक्य मी बायकोला सांगितलं नाही. ते तिने दुसऱ्या फोनवरून ऐकलं होतं.

या सगळ्या काळात पोस्टमास्तर रोज दहाला येत होते. हळूहळू त्यांचा सल्ला कमी झाला आणि प्रश्न वाढले. प्रश्नही जरा चमत्कारिक. लघवीला किती वेळ लागतो? टाके बाहेरचे की आतले? नंतर रंगाचा डाग राहतो का? एकदा मी म्हणालोसुद्धा, "हर्नियाचा आणि लघवीचा काय संबंध?" तर म्हणाले, "सहज." आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्या मागे गेले. वर्तमानपत्र कालचं होतं. मला वाटलं, यांना संशय आलाय आणि हे माझ्या तोंडून काढून घ्यायला बघताहेत. मी आणखी सावध झालो. हर्नियाबद्दल मी तोवर इतकं वाचलं होतं की एखाद्याचा हर्निया मी तपासू शकलो असतो.

बाविसाव्या दिवशी कामावर रुजू झालो. प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी भल्या मनाने फक्त 'लघुशस्त्रक्रिया' एवढंच लिहिलं होतं. ते मी रजेच्या टेबलावर ठेवलं. त्या टेबलावरच्या बाई चष्म्यावरून बघतात आणि मनात वाचण्याची कला त्यांना अवगत नाही. "लघुशस्त्रक्रिया," त्यांनी खोलीला वाचून दाखवलं. "हर्निया ना? हर्निया कुठे लघु असतो?" मी म्हणालो, माझा लघु होता. आणि तिथून निघालो, जरा घाईनेच निघालो, त्यामुळे प्रमाणपत्राच्या मागे टाचलेला तो तक्ता काढून घ्यायला विसरलो. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचा म्हणून मी तो बरोबर आणला होता.

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. शेडचा छापील तक्ता कोणत्याही टेबलावर आला तरी त्याने तो अडवायचा नाही. आवक क्रमांक टाकून तत्काळ शेड समितीकडे पाठवायचा. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. सव्वीस वर्षांत रजेच्या बाईंनी कोणताही कागद तीन दिवसांच्या आत पुढे सरकवलेला नाही. तो तक्ता त्यांनी चार मिनिटांत वर पाठवला.

मला कळलं तेव्हा मी जिना चढायला घेतला. दोन मजले. पळता येत नव्हतं. वर पोचलो तेव्हा शेड समितीच्या साहेबांनी तक्ता टेबलावर पसरला होता आणि एकेका क्रमांकासमोर कार्डाचं पान उघडून ठेवलं होतं.

"या," साहेब म्हणाले. "रजेवर असतानाही तुम्ही काम थांबवलं नाहीत. मला भरून आलंय."

मी टेबलाची कड धरली.

"अंजिरापासून निघून, जुन्या कागदावरून, शेवाळी झाक घेत शेवटी हा शिंपल्यातला गुलाबी. काय उतरंड आहे ही! असे रंग एका रांगेत कुणाला सुचले नसते. आणि शेरे बघा. दिवस चौथा, पिवळा थर, खरवडू नये. चौदावा, पापुद्रे आपोआप सुटतात. हे नव्या गिलाव्यावरचं निरीक्षण ना?"

"नव्याच," मी म्हणालो. "नव्या गिलाव्यावरचं."

"एकविसावा दिवस, दोन छटांमधला जोड दिसतो. मग हा दोष नाही का?"

"जोड दिसणारच, साहेब. तो कायमचा. पुढे फिकट होतो." हे डॉक्टरांचे शब्द होते. मी स्वतः त्यांच्याशी त्या जोडावरून वाद घातला होता.

"आणि प्रेरणा? समितीला प्रेरणा लिहून द्यावी लागते."

"निसर्ग," मी म्हणालो.

समितीने आठवड्याभरात चार छटा मंजूर केल्या. तक्ता मला परत मिळाला, त्यावर आवक शिक्का होता आणि साहेबांच्या लाल शाईत 'उत्तम निरीक्षण, असेच चालू ठेवावे' असा शेरा. मी तो घडी करून खिशात घातला. गुपित शाबूत होतं. एवढ्या सगळ्यातून ते सुखरूप बाहेर आलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत घरी आलो.

पोस्टमास्तर घरात बसलेले होते. त्यांची वेळ दहाची, हे संध्याकाळी कसे? बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता आणि तो तसाच होता.

"घ्या ना चहा," मी म्हणालो.

"नको. हल्ली पाणीही बेताने पितो. प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की अर्धा अर्धा तास. आग होते. थेंब थेंब होते. वय झालं आता."

ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. महिनाभर हा माणूस रोज माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याच्याकडे फक्त पहारेकरी म्हणून बघत होतो. गालफडं बसली होती. खुर्चीत ते कडेवर टेकले होते, मी टेकायचो तसे.

"डॉक्टरांना दाखवा," मी म्हणालो.

"दाखवलं. आठ महिने झाले. साखर आहे ना मला. त्यांनी चिठ्ठी दिली, लहानसं काम आहे म्हणाले. चिठ्ठी खणात आहे." त्यांनी कप उगाच बशीत फिरवला. "चाळीस वर्षांत मी कुणाचं पत्र एक दिवस अडकवून ठेवलं नाही. ही चिठ्ठी काही हातून पुढे जात नाही. तुमच्यासारखा हर्निया असता तर केव्हाच करून टाकलं असतं. हर्निया चारचौघांत सांगता तरी येतो."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती मुद्दाम खिडकीकडे बघत होती. मला मनापासून लाज वाटली. माझ्या कातडीची नव्हे, माझ्या हर्नियाची. तो घरंदाज आजार मी घरात आणून बसवला आणि या माणसाला दारातूनच परत पाठवत राहिलो.

मी खिशातून तक्ता काढला आणि त्यांच्यासमोर उलगडून ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. रजिस्टर्ड पत्र वाचावं तसा त्यांनी तो वाचला, आधी शिक्के, मग तारखा, मग मजकूर, मग मागची बाजू. बऱ्याच वेळाने मान वर केली.

"म्हणजे हर्निया नव्हता."

"नव्हता."

"कुठल्याच बाजूला?"

"कुठल्याच."

"तरीच," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी तुम्ही जिना उतरलात तेव्हा मला वाटलं, हर्नियाची शस्त्रक्रिया फारच सुधारलेली दिसते." मग त्यांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "हा पिवळा... हा पू नव्हे?"

"वास नसेल, ताप नसेल, लाली पसरत नसेल तर नव्हे. तो भरून येण्याचा रंग आहे. खरवडायचा नाही."

"आणि यातलं काही असेल तर?"

"तर लगेच डॉक्टरांकडे. मी नेईन तुम्हाला. गतिरोधक नसलेला एक रस्ता मला आता माहीत आहे."

पोस्टमास्तरांचे डोळे भरले. माझेही. बायकोने गार झालेला चहा उचलला आणि दुसरा करायला गेली. तो त्यांनी पूर्ण प्यायला.

पंधरवड्यात त्यांचं काम उरकलं. आधी मी त्यांच्या न्हाणीघरातला दिवा बदलून दिला. चौथ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात पोस्टमास्तर, पाय फाकवून, एका हाताने चौकट धरून. "लागला," ते म्हणाले. "पिवळा. बरोबर वेळेवर." एवढ्या अभिमानाने ते कधी वाढदिवस सांगतानाही बोलले नसतील. माझ्या तक्त्यात शेजारी त्यांनी स्वतःचा एक रकाना आखला. त्यांची सूज माझ्यापेक्षा तीन दिवस उशिरा उतरली आणि टाके मात्र आधी गळाले. दोघांचं सगळं सारखं नसतं, हेही त्यामुळे कागदावर आलं.

पुढे त्यांनी विचारलं, हा कागद डॉक्टरांकडे ठेवू का, आणखी कुणाच्या उपयोगी पडेल. मी दोन दिवस विचार केला आणि म्हणालो, ठेवा, पण माझं नाव झाका. त्यांनी शब्द पाळला. नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून मगच त्यांनी त्याच्या प्रती काढल्या.

तीन महिन्यांनी मी शेवटच्या तपासणीला गेलो. आता तक्रार काही उरली नव्हती. लघवीची आग गेली, हुळहुळेपणा गेला, जोड राहिला, फिकट झाला. बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं बसली होती. भिंती नव्याने रंगवलेल्या दिसल्या. मी बसलो, समोर पाहिलं आणि ओळखलं. शिंपल्यातला गुलाबी. दिवस एकविसावा. काम चांगलं केलं होतं, दोन्ही हात सावकाश दिलेले.

माझ्या शेजारी एक तिशीचा माणूस खुर्चीच्या कडेवर टेकला होता. हातात घड्या पडलेला कागद. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"पाचवा दिवस?" मी हळूच विचारलं.

तो दचकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"ताप आहे? वास? लघवी अडतेय?"

"नाही. पण काळं पडलंय. हिरवट काळं. यात तर जांभळं लिहिलंय."

"तुमच्या न्हाणीघरातला दिवा पिवळा आहे का?"

त्याने विचार केला. "आहे."

"आत डॉक्टरांच्या पांढऱ्या दिव्यात बघा. जांभळंच निघेल, बहुतेक अंजीर. आलाच आहात तर दाखवून घ्या, पण उगाच धसका घेऊ नका."

त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही," मी म्हणालो. "शेड तपासनीस."

त्याची नजर कागदाच्या तळाकडे गेली. तिथे नाव नव्हतं. पोस्टमास्तरांनी ते अगदी चोख झाकलं होतं. खाली हुद्दा, खातं, सेवा क्रमांक आणि कारखान्याचा गोल शिक्का तेवढा स्पष्ट उमटलेला होता, आणि या शहरात त्या हुद्द्याचा माणूस एकच आहे. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. खोलीतली बाकीची माणसं बोलायची थांबली होती. त्यांतल्या दोघांच्या हातात तोच कागद होता.

मी उठून उभा राहिलो, आता मला सरळ उभं राहता येतं, आणि कोपऱ्यातल्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "हो. तो मीच."